जांभूळ दरवाज्यापाशी

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या वस्तीतल्या घरकामगार बायकांचा गट घेऊन मी पुण्याचा शनिवारवाडा बघायला गेले. आम्ही एकवीसजणी होतो. त्यातल्या बऱ्याचजणी पंचवीस-तीस वर्षं पुण्यात राहताहेत. कामाला जाता-येता बसमधून वाड्याची भिंत रोज दिसते, पण तिकीट काढून आत गेलेली एकही नव्हती. "राजाचा वाडा तो, आपलं काय काम तिथं?" असं एकीने विचारलं, तर दुसरी पटकन म्हणाली, "राजाच्या वाड्यातच तर आपलं काम. झाडायला-पुसायला कोण होतं मग?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर त्या वाक्याने माझा पिच्छा सोडला नाही. म्हणून या वेळचं संपादकीय त्यावरच लिहिते आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला वस्तीचा नकाशा काढायला शिकवत. पाणी कुठून येतं, ते कोण भरतं, संडास कुठे आहे, बायका कोणत्या वाटेने जातात आणि कोणती वाट टाळतात, हे सगळं त्या नकाशात मांडायचं. गेली दहा-बारा वर्षं मी असे नकाशे काढत आले. पण किल्ल्याचा किंवा राजवाड्याचा असा नकाशा काढावा, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. किल्ले म्हटलं की लढाया, तह आणि तारखा, एवढंच शाळेपासून डोक्यात बसलेलं. त्या रविवारी बायकांनी जे प्रश्न विचारले त्यांतून तो नकाशा आपोआप तयार होत गेला.

आधी शाळेतला इतिहास सांगते. पेशवे हे राजे नव्हते, छत्रपतींचे प्रधान होते. पण त्यांचं राहणं राजाच्या तोडीचं होतं. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. साग जुन्नरच्या जंगलातून आला, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून. खर्च आला १६,११० रुपये. हा आकडा मी वाचून दाखवल्यावर एका मावशींनी विचारलं, "यात डोक्यावर पाट्या वाहणारीची मजुरी धरली का गं?" त्या स्वतः पंधरा वर्षं बांधकामावर होत्या. आमच्याजवळ शाळेची सहल उभी होती. तिचे मास्तर मुलांना दिल्ली दरवाज्याची उंची, अंबारीसकट हत्ती कसा आत येई आणि दरवाज्याला अणकुचीदार खिळे का ठोकले, हे रंगवून सांगत होते. मुलं माना वर करून बघत होती. आमच्या बायका मात्र खाली, मोठ्या दरवाज्याच्या पोटातली लहान दिंडी बघत होत्या. "रोजच्या माणसाला हीच," एकजण म्हणाली, "आणि तीही वाकून."

वाड्याला एकूण पाच दरवाजे आहेत. दिल्ली दरवाजा हा मुख्य. त्याच्याशिवाय मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि जांभूळ दरवाजा. गणेश दरवाज्याने वाड्यातल्या घरंदाज बायका कसबा गणपतीच्या दर्शनाला जात. मस्तानी दरवाजा मस्तानीच्या जाण्यायेण्याचा. पुढे त्याला तिच्या नातवाचं, अलीबहाद्दराचं नाव मिळालं. आणि दासी, नाटकशाळा यांची ये-जा जांभूळ दरवाज्याने होई, असं सांगितलं जातं. म्हणजे एकाच भिंतीच्या आत राहणाऱ्या बायकांना तीन वेगवेगळे दरवाजे. लग्नाच्या बायका एका दाराने, मस्तानी दुसऱ्या दाराने आणि कष्ट करणाऱ्या बायका तिसऱ्या. या बायका रोज भेटत असतील, एकमेकींच्या हातचं खात असतील, एकमेकींची बाळंतपणंही करत असतील. पण उंबरा ओलांडायची वेळ आली की प्रत्येकीने आपली पायरी ओळखायची.

मी हे सांगत असताना मागून आवाज आला, "मग आमच्या सोसायटीची मागची लिफ्ट म्हणजे जांभूळ दरवाजाच की ताई!"

त्यावर जो गलका झाला तो सांगता येणार नाही. एकजण ज्या इमारतीत काम करते तिथे घरकामगार, कचरा नेणारे आणि कुत्री यांना एकच लिफ्ट आहे. दुसरीला दिवसातून आठ घरी काम असूनही एकाही घरात संडास वापरू देत नाहीत. तिसरीला चहा मिळतो, पण कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. मी वहीत लिहून घेत होते. मग एका मावशींनी मला विचारलं, "ताई, तुमच्या बिल्डिंगमधे कसं हाय?"

आमच्याही इमारतीत पाटी आहे. 'कामगारांनी मागील लिफ्टचा वापर करावा.' त्या पाटीसमोरून मी सहा वर्षं ये-जा केली, आणि ती मला दिसली नाही. माझं लहानपण आजोळच्या वाड्यात गेलं. भांडी घासणाऱ्या बाई तिथे मागच्या दाराने येत. त्यांचा कान तुटलेला कप कोनाड्यात पालथा असे, आणि त्यात वरून चहा ओतायचं काम माझं होतं. मी ते कितीतरी वर्षं केलं. हे सांगायला मला लाज वाटली. पण बायकांसमोर ते सांगितलं, आणि तुम्हालाही सांगते आहे. आपण दुसऱ्यांच्या वाड्यांचा इतिहास तपासायला निघालो तर आपल्या घराचा वगळून चालणार नाही.

त्या तिसऱ्या दाराने ये-जा करणाऱ्या बायका कोण होत्या? पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द वारंवार येतो. कुणबी जातीची बाई, असा त्याचा तिथे अर्थ नाही. विकत घेतलेली किंवा सरकारात जमा केलेली गुलाम बाई, असा आहे. 'बटीक' हाही त्यातलाच शब्द. यातल्या काहीजणी स्वाऱ्यांत, लढायांत धरून आणलेल्या असत. काहीजणींना दुष्काळात घरच्यांनीच विकलेलं असे. आणि काहीजणी 'शिंदळकी'चा, म्हणजे व्यभिचाराचा आरोप येऊन शिक्षा झालेल्या. अशा प्रकरणात पुरुष बहुतेक वेळा दंड भरून सुटे. बाईला मात्र सरकारची दासी केलं जाई. मग ती सरकारी कोठीवर, पागेत, किंवा एखाद्या किल्ल्यावर कामाला. पाणी भरायचं, दळायचं, कांडायचं, शेण काढायचं. तिला मूल झालं तर तेही धन्याचंच. तिला विकत घेताना जात विचारली जाई, कारण पाणी आणि दळण तिच्या हातून घ्यायचं असे. शरीर विकत घ्यायला विटाळ नाही, पाण्याला मात्र विटाळ!

मैत्रिणींनो, हे वाचून कुणाला वाटेल की आपण आपल्या इतिहासाची बदनामी करतो आहोत. तसं नाही. गुलाम बायका फक्त पेशव्यांच्याच वाड्यात होत्या असंही नाही. दिल्लीच्या बादशहाकडे, राजपुतांकडे, निजामाकडे आणि साता समुद्रापलीकडच्या राजांकडेही कुणाच्या तरी फुकट राबणाऱ्या हातांवरच महाल उभे राहिले. प्रश्न एका घराण्याचा नाहीच. ज्या किल्ल्यांकडे आपण स्वातंत्र्याची खूण म्हणून बघतो, तेच किल्ले अठराव्या शतकात काही बायांचे तुरुंग होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिली तेवढी सांगायची आणि दुसरी गिळून टाकायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

आणि गणेश दरवाज्याने जाणाऱ्या तरी कितपत मोकळ्या होत्या? नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात गारद्यांनी खून केला. त्यांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. वय लहान, नवरा डोळ्यांदेखत गेलेला. कारभाऱ्यांनी तिला बंदोबस्तात पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवलं, कारण साऱ्या राज्याचा डाव आता तिच्या पोटातल्या गर्भावर होता. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. आमच्या गटातल्या एका तरुण मुलीने विचारलं, "मुलगी झाली असती तर?" यावर कुणी काही बोललं नाही. जिला पहिल्या दोन मुलींनंतर सासरहून परत पाठवलं होतं, तीच ही मुलगी. १७७७ साली गंगाबाई वारली. शाळेच्या पुस्तकात ती सवाई माधवरावांची आई एवढीच उरली आहे.

याच खुनाच्या गोष्टीत दुसरी एक बाई आहे, आणि तिला मात्र सगळा महाराष्ट्र ओळखतो. आनंदीबाईने म्हणे चिठ्ठीतल्या 'ध'चा 'मा' केला. सहलीच्या मास्तरांनीही मुलांना तेच सांगितलं. ही आख्यायिका आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषी धरलं ते राघोबादादांना. तरी आज अडीचशे वर्षांनंतर 'ध'चा 'मा' म्हटलं की नाव येतं ते बाईचंच. सत्तेसाठी पुरुषांनी एकमेकांचे गळे कापायचे आणि अक्षर बदलल्याचा ठपका बाईवर, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात पोलीस चौकीत बसलेल्या कार्यकर्तीने, "सासूनेच लावालावी केली, मुलगा तसा चांगला आहे," हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल!

मस्तानीची कथा तर सगळ्यांनी सिनेमात पाहिली आहे. पण सिनेमात दिव्यांची आरास जास्त. तिचं असणं पेशव्यांच्या घराला आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाला सोसलं नाही. १७४० च्या सुरुवातीला बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला कैदेत ठेवलं. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव रावेरखेडीला वारले, आणि त्याच वर्षी तीही गेली. तिची कबर पाबळला आहे. तिचा मुलगा शमशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर याच पेशवाईसाठी लढला आणि जखमांनी मेला. त्याचं रक्त चाललं, त्याच्या आईचा स्पर्श मात्र चालला नाही.

हे जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. आम्ही गेलो त्याच्या थोडंच आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, याच वाड्याच्या आवारात काही मुस्लिम बायकांनी नमाज पढल्याची चित्रफीत पसरली. मग मोर्चा आला आणि ती जागा गोमूत्र शिंपडून 'शुद्ध' करण्यात आली. संरक्षित स्मारकात काय करावं आणि काय करू नये याचे नियम आहेत. ते सगळ्यांना सारखे लावावेत, याबद्दल दुमत नाही. पण नियम मोडला तर दंड होतो, विटाळ होत नाही. बायका बसल्या ती जमीन बाटली, हे म्हणणं १७४० सालचं आहे. आणि ते म्हणणाऱ्यांत, शिंपडणाऱ्यांत बायकाही होत्या, याचं मला जास्त दुःख आहे. एका दाराच्या बाईने दुसऱ्या दाराच्या बाईला हाकलायचं, यावर तर वाडे टिकतात.

वाड्याहून परतताना बसमध्ये बोलणं रायगडावर गेलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत रायगड आहे, हे बायकांनी टीव्हीवर ऐकलं होतं. एकीने हिरकणीची गोष्ट काढली. ती तुम्हाला ठाऊकच आहे. दूध विकायला गडावर गेलेली हिरकणी सूर्यास्तानंतर अडकते. दरवाजे बंद. घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून जाते. महाराज तिचा सन्मान करतात आणि तिथे बुरूज बांधतात. आपण ही गोष्ट मातेच्या मायेची म्हणून सांगतो. पण बसमधल्या बायकांना त्यात वेगळंच दिसलं. एकजण म्हणाली, "बाळाला टाकून दूध विकायला जावं लागतं, म्हणजे घरी बघायला कुणी नसणार. आमचंबी तेच. कुलूप लावून जातो." आणि दुसरी जे म्हणाली ते मी कधीच विसरणार नाही: "तिनं वाट शोधली, आन् त्यांनी तिथं भिंत बांधली."

खरंच आहे. आख्यायिका आख्यायिका म्हणूनच घेऊ, पण तिचा अर्थ बघा. जिथून बाई उतरू शकली तिथून शत्रू चढू शकेल, म्हणून तो कडा बंद केला. भिंतीला तिचं नाव दिलं, तिची वाट मात्र बुजवली. चळवळीत आपलंही असं किती वेळा झालं आहे! आपण वाट काढतो, सरकार तिथे आपल्या नावाची योजना बांधतं, आणि वाट बंद.

घरकामगारांचंच बघा. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली. किती मोर्चे, किती निवेदनं झाली, तेव्हा २००८ साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. कायदा आला हे मोठंच यश. पण आमच्या एकवीसजणींत नोंदणीचं कार्ड होतं चौघींकडे, आणि त्यातल्या दोघींचं नूतनीकरण राहून गेलेलं. बुरूजाला नाव आमचं, आत शिरायला दार कुठलं ते कुणी सांगत नाही. गुलामीचंही असंच. १८४३ साली कंपनी सरकारने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. कुणबिणीची खरेदी कायद्याने बंद झाली, पण तिचं दार, तिचा कप आणि तिचा जिना घराघरांत राहिले.

शनिवारवाडा १८२८ साली मोठ्या आगीत जळाला. दिवाणखाने, आरसेमहाल, लाकडी मजले, सगळं गेलं. आज आत उरलेत ते चौथरे, कारंज्याचे हौद आणि हिरवळ. उभे राहिले आहेत ते तट, बुरूज आणि दरवाजे. मला वाटतं, हे केवळ दगड टिकतो म्हणून नाही. वैभव जळून जातं, पण कुणी कुठून आत यायचं हा नियम सहज जळत नाही.

त्या रविवारनंतर आमच्या सोसायटीच्या सभेत मी पाटीचा विषय काढला. तास-दीड तास वाद झाला. "स्वच्छतेचा प्रश्न आहे," "आमचा कुणावर राग नाही," "तुम्ही प्रत्येक गोष्टीत चळवळ आणता," हे सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या आजी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, हे अनपेक्षित होतं. त्या म्हणाल्या, विधवा झाल्यावर त्यांनाही सासरच्या घरात मागचंच दार होतं. पाटी काढली गेली. पण वॉचमन अजूनही बोटाने मागची लिफ्ट दाखवतो, आणि कामाला येणाऱ्या बायकाही सवयीने तिकडेच वळतात. त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, तर म्हणाली, "पुढून जायला भ्या वाटतं ताई. काम जाईल." म्हणजे लढाई पाटीची नव्हतीच. काम जाणार नाही याची हमी, कामाचा करार, किमान वेतन, आठवड्याची सुट्टी हे असल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडला तरी त्यातून कुणी आत येणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या अंकासाठी एक काम सुचवते. प्रत्येक गावाजवळ एखादा गड, गढी, राजवाडा किंवा देशमुखांचा वाडा आहेच. आपल्या गटाला घेऊन तिथे जा. वाटाड्या काय सांगतो ते ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. पाणी कुठून येत होतं आणि ते कोण भरत होतं, ते विचारा. जातं कुठे होतं, बाळंतिणीची खोली कुठे होती, बायकांचं दार कोणतं आणि कोणत्या बायकांचं, हे बघा. आज गडावर ताक आणि पिठलं-भाकरी विकायला पायथ्याच्या गावातून रोज चढणाऱ्या बायकांशी बोला. जागतिक वारशाच्या पाट्या लागल्यावर त्यांना बसायला सावली आणि जायला संडास मिळाला का, की त्यांचीच जागा हलवली, तेही लिहून काढा. आणि त्याच वहीत, त्याच पानावर, आपल्या स्वतःच्या इमारतीचा नकाशा काढा. शुद्धलेखनाची काळजी नको. लिहिता न येणाऱ्या बाईने सांगावं, लिहिता येणाऱ्या मैत्रिणीने उतरवावं. आम्ही ते जसंच्या तसं छापू.

आमचा गट पुन्हा शनिवारवाड्यावर जाणार आहे. या वेळी मुलींना घेऊन. मावशींनी आत्ताच बजावलं आहे, "या टायमाला मी सांगणार माहिती. तुमी ऐकायचं." ठरलं तर मग. जांभूळ दरवाज्यापाशी भेटू.

तुमचीच,
संपादक मंडळासाठी